दोरा दोन्हीकडे सारखाच निघायचा

वहिनी, परवा तुमची तेरवी झाली. पंगत बसली होती, मी वरणाची बादली घेऊन फिरत होतो, आणि शेजारचे तिवारीजी पानावरून मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाभी के हाथ में जस था भई. आधे मोहल्ले की नाभि बैठाई होगी उन्होंने. बस, अपने देवर के मामले में चूक गईं." दोन-चार जणांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुमच्याबद्दल प्रेमानंच बोलत होते. माझी बादली मात्र तिथंच थांबली.

त्यावर मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे, पण एकदम तिथं जाता येत नाही. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "भाऊजी, सरळ बोला न, काहून गोल गोल फिरवून राहिले?" सरळ बोलता येत असतं तर तुम्ही होता तेव्हाच बोललो नसतो का?

तुम्ही काटोलहून लग्न होऊन इकडं हिंदी मुलखात, मदन महलच्या या घरात आलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात बाबा, दादा आणि मी, तीन पुरुष आणि एक स्टोव्ह. तुम्हाला येऊन महिनाही झाला नसेल, एक दिवस जेवण झाल्यावर माझ्या पोटात कळ आली आणि मी ओट्याखाली मुटकुळं करून पडलो. बाबा म्हणाले, याचं असंच असतं, जाईल. तुम्ही हात पुसले, कुंकवाच्या डबीतून हळदीत पिवळा झालेला एक दोरा काढला आणि मला उताणं झोपवलं.

तो दोरा मग सगळ्या गल्लीनं पाहिला. एक टोक बेंबीवर धरायचं, दुसरं छातीच्या एका बाजूला न्यायचं, मग तेवढाच दोरा दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचं माप सारखं आलं तर बेंबी जागेवर. कमीजास्त आलं तर सरकली. मग तेलाचा हात, अंगठ्याचा दाब, कधी बेंबीवर पणती ठेवून वरून पालथा तांब्या. आईकडून शिकून आला होता तुम्ही ते. इथल्या बायका त्याला 'धरन टलना' म्हणायच्या, आणि सकाळी उपाशीपोटी दाराशी येऊन बसायच्या, "दीदी, ज़रा देख दो." तुम्ही कुणाला परत पाठवलं नाही आणि कुणाकडून काही घेतलंही नाही.

माझ्या बाबतीत मात्र दोरा दोन्हीकडे सारखाच निघायचा. पहिल्या दिवशी तुम्ही तीनदा मोजलंत. भुवया आवळून म्हणालात, "जागेवर आहे. मंग दुखते काहून?" मग तुम्ही मला इकडं वळवा, तिकडं वळवा असं करत डाव्या कुशीवर घेतलं, गुडघे छातीशी आणले आणि पाठीवरून तेलाचा हात फिरवत बसलात. वीसेक मिनिटांत पोटात गुडगुड झाली आणि कळ उतरली. हा उपाय तुम्हाला कुणी शिकवलेला नव्हता. तो तुम्ही माझ्यावर शोधलात, आणि पुढची तीस वर्षं मी त्यावर चाललो.

तीस वर्षांत डॉक्टर काय कमी झाले? एकानं जंत सांगितले, एकानं ॲसिडिटी. एकानं घशातून नळी घालून पाहिली आणि सगळं स्वच्छ आहे म्हणाला. सोनोग्राफीत अपेंडिक्स सापडलंच नाही, तर गॅसमुळे दिसत नाही असं लिहून दिलं. शेवटी एकानं चष्मा काढून विचारलं, "टेंशन बहुत लेते हो क्या?" मला ते पटलं. टेन्शन म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही. मी अर्ध्या पोटी जेवायला शिकलो, कँटीनच्या वाटेला जाणं सोडलं, काटकुळा झालो. दोन ठिकाणी लग्नाचं जमता जमता मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा जेवत का नाही? तुम्ही माझी टर उडवायच्या, "तुमच्या पोटानं तुम्हाले संन्याशी करून टाकलं भाऊजी, आता कमंडलू तेवढा आणा."

मीही तुम्हाला सोडायचो नाही. फॅक्टरीत माझं काम माल तपासायचं. नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. आमची गेजंसुद्धा ठरावीक मुदतीनं तपासायला जातात. दाराशी बायका बसलेल्या दिसल्या की मी विचारायचो, "वहिनी, तुमच्या दोऱ्याचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं?" एकदा तुम्ही हातातलं लाटणं खाली ठेवून जे उत्तर दिलंत ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "तुम्ही हसा. पण तुमच्या फॅक्टरीत माप बरोबर निघालं अन् माल तरी मोडला, तं तुम्ही काय म्हणता? माप पास आहे म्हणून गप बसता? की म्हणता, माप घेतलं तिथं दोष नाही, दुसरीकडं कुठं आहे? तुमची बेंबी जागेवर आहे जी. मंग आत दुसरं काही जागेवर नसन. नागपूरले दाखवा एकदा मोठ्या डॉक्टरले."

हे तुम्ही एकदा नाही, पाच-सहा वर्षं म्हणत होता. मी म्हणायचो, हो हो, पाहू. तपासनीस मी होतो आणि तपासणी तुम्ही सांगत होता, हे मला झोंबायचं. मी गेलो नाही.

मग तो शहराबाहेरच्या पाटणचा साखरपुडा. दादाच्या रेल्वेतल्या दोस्ताची मुलगी, थंडीचे दिवस, मटारचा हंगाम. यजमानांनी आग्रह करकरून वाढलं आणि मी त्या दिवशी कधी नव्हे ते पोटभर जेवलो. तासाभरात घाम फुटला. मी मांडवामागं जाऊन ओकलो. तुम्ही मागोमाग आलात, आणि माती टाकण्याआधी वाकून नीट पाहिलंत. मला किळस आली होती, म्हटलं, काय पाहून राहिल्या? तुम्ही म्हणालात, "हिरवं आहे. तुमचं नेहमी हिरवंच निघते. दुसऱ्या कोणाचं असं नाही पाहिलं मी."

तिवारीजींच्या गाडीतून निघालो. शहरात शिरून विजय नगर लागल्यावर दादानं पहिला दवाखाना दिसला तिथं गाडी थांबवली. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबलं, इंजेक्शन दिलं, "शादी-ब्याह का खाना है, गैस बनी है, घर जाकर आराम करो." इंजेक्शननं धार थोडी बोथट झाली आणि मला तेच हवं होतं. घरी आलो. पलंगावर पडलो आणि दहा मिनिटांत कळ अशी उठली की माझ्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. दादा तुम्हाला म्हणाला, "अगं, दोरा काढ न तुझा."

तुम्ही दोरा काढला नाहीत. मला डाव्या कुशीवर घेतलंत, गुडघे छातीशी आणलेत, वाट पाहिलीत. उतरलं नाही. मग तळहात माझ्या पोटावर ठेवलात, नुसता ठेवलात, आणि उचलून घेतलात. मी म्हणालो, वहिनी, तेल लावा, चोळा थोडं, नेहमीसारखं उतरेल. अक्षरशः भीक मागितली मी. तुम्ही दादाकडं पाहून बोललात, "पोट मऊ लागून राहिलं अन् माणूस असा तडफडून राहिला. हे माझ्या हातचं नाही. मी आज तेल लावणार नाही. उठवा यांना." दादा म्हणाला, आत्ताच तर डॉक्टरला दाखवलं. तोवर तुमच्या पायात चपला होत्या.

मोठ्या इस्पितळात संध्याकाळचे चार वाजले होते. मला ढकलगाडीवर घेतलं. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला, नाडी पाहिली, पोट दाबलं, एक्स-रे काढून आणला आणि म्हणाला, खास काही नाही, नाकातून नळी टाकू, सलाईन लावू, सकाळपर्यंत बघू. मग त्यानं चोळण्याबद्दल विचारलं, "घर पर किसी ने पेट मला तो नहीं?"

दादा खिडकीवर कागद भरायला गेला होता. तिवारीजी तिथंच उभे. आणि मी, वहिनी, तुमच्याकडं बोट केलं. म्हणालो, "इन्होंने मला है. तीस साल से मलती हैं."

तीस वर्षांचं ते खरंच होतं. पण त्यानं तीस वर्षांचं विचारलं नव्हतं, आजचं विचारलं होतं, आणि आज काय झालं ते मला पक्कं माहीत होतं. मी का तसं बोललो? कळा मारत होत्या म्हणून, भीती होती म्हणून, असं सांगता येईल. खरी गोष्ट अशी की त्या क्षणी मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता, आणि तो मी नको होतो. नागपूरला मी गेलो नव्हतो.

तो पोरगा तुमच्यावर तुटून पडला. "आप लोग पढ़े-लिखे घर के होकर ये सब करते हैं? आंत सड़ जाए तो कौन ज़िम्मेदार है?" सगळा वॉर्ड पाहत होता. मी डोळे मिटून घेतले, पण कान उघडे होते. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल, आज मी हात लावला नाही. एवढं एकच वाक्य होतं. ते तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, "डांट लेना बाद में भैया. पहले सुन लो. हरा निकला है. बचपन से हरा निकलता है इनको. खाना खाने के बाद दुखता है, बाईं करवट पर उतर जाता है. आज नहीं उतरा."

घरी जायला निघालेल्या सर्जन मॅडम दाराशी होत्या, खांद्याला पर्स. त्या थांबल्या. परत आल्या. तुम्हाला विचारलं, बचपन से मतलब कितने साल? हरा मतलब पीला नहीं, हरा? तुम्ही सांगितलंत. त्यांनी पर्स सिस्टरच्या टेबलावर ठेवली आणि आत्ताच्या आत्ता सी.टी. स्कॅन करायला सांगितलं. तरुण डॉक्टर म्हणाला, मॅडम, एक्स-रे तो ठीक है. त्या म्हणाल्या, "एक्स-रे ठीक है, आदमी ठीक नहीं है."

यापुढचं मला दादानं आणि श्रुतीनं सांगितलं. तुमची लेक कॉलेजातून परस्पर तिथं पोचली होती. मॅडमनी तुम्हाला तिघांना पडद्यासमोर उभं करून समजावलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याची आतडी काही आठवडे त्याच्या पोटाबाहेर, नाळेत, वाढतात आणि परत आत येताना गोल वळून आपापल्या जागी बसतात. माझी अर्धवटच वळली. लहान आतडं सगळं उजवीकडं, मोठं आतडं डावीकडं, रक्ताच्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी. जन्मापासून. बहुतेकांचं हे तान्हेपणीच उघडकीला येतं, बाळ हिरवं ओकतं आणि डॉक्टर धावतात. मोठ्या माणसात कुणाच्या हे मनातच येत नाही, म्हणून माझ्यासारखे गॅसच्या गोळ्या खात बसतात. मॅडमनी ओढणीचं एक टोक मुठीत धरून पिळलं आणि दाखवलं, सगळी आतडी अशा एका अरुंद देठावर लोंबताहेत, आज देठालाच पीळ बसला आहे, रक्त थांबलं आहे. सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही. दादानं सही केली, कागद तुम्ही धरला होता.

पोट उघडलं तेव्हा आतडी जांभळी-काळी पडली होती. मॅडमनी पीळ उलट्या बाजूनं सोडवला, अडीच वेढे. मग गरम पाण्याच्या ओल्या फडक्यांत आतडी गुंडाळून त्या नुसत्या थांबल्या. रंग परत येतो का, ते पाहायला. त्या वेळात तो तरुण डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेला, "अभी काली हैं. देख रहे हैं." सगळं आतडं गेलं असतं तर मी वाचलो नसतो, किंवा वाचून जन्मभर सलाईनवर राहिलो असतो. दादा जिन्यात फेऱ्या मारत होता. श्रुती म्हणते, तुम्ही बाकावर बसला होता, आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन ते कुणाला दिसू नयेत असे लपवले होते.

रंग आला. वीतभर तुकडा गेला, तो कापून जोडलं. आतडी अडवून धरणारे पडदे होते ते तोडले, तो अरुंद देठ पसरून रुंद केला, म्हणजे पुन्हा पीळ बसायला नको. अपेंडिक्स सापडलं, डाव्या बाजूला, भलत्याच ठिकाणी. पुढं कुठला डॉक्टर फसू नये म्हणून तेही काढलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला भेटायला आलात आणि पायाशी उभ्या राहिलात. जवळ आला नाहीत. तुमचे हात पाठीमागं होते. मी खिडकीकडं तोंड केलं. त्या दिवशी बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं.

घरी आल्यावर एक चांगला दिवस गेला आपला. मी ओसरीत खुर्चीवर, तुम्ही मटार सोलत. मी सांगितलं की मॅडमनी आतडी 'जागेवर' बसवलेलीच नाहीत. लहान आतडं उजवीकडंच, मोठं डावीकडंच, फक्त सगळं मोकळं करून जिथं आहे तिथं निवांत ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला हे पचत नव्हतं. नग चुकीच्या जागी आणि तरी पास? तुम्ही शेंग तोंडात टाकून हसलात. "हुशार बाई आहे. मी बी तं काटोलची, इथं बसली न? कोणी जागेवर नेऊन ठेवलं मले?" किती दिवसांनी हसला होता तुम्ही.

पण तिवारीजींचं वॉर्डातलं गल्लीत सांगून झालं होतं. दाराशी येणाऱ्या बायका कमी झाल्या. एका सकाळी पाटणहून एक बाई सुनेला घेऊन आली. तुम्ही दार अर्धंच उघडलंत आणि म्हणालात, "मैंने छोड़ दिया जी. डॉक्टर को दिखाओ." ती म्हणाली, दीदी, इतनी दूर से आए हैं. तुम्ही पाणी दिलंत, चहा दिलात, हात लावला नाहीत. मी आत पेपर वाचत होतो. पान उलटलं नाही, पण उठलोही नाही.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले. टाके निघाल्यानंतरच्या तपासणीला मी एकटाच गेलो होतो. मॅडमनी पोट पाहिलं आणि विचारलं, "वो भाभी नहीं आईं?" मग म्हणाल्या, त्या दिवशी त्यांनी सांगितलं नसतं तर मीही घरी गेले असते आणि तुम्ही सकाळपर्यंत वॉर्डात पडून राहिला असता. सकाळी काही उरलं नसतं. मी विचारलं, आणि ते चोळणं? त्या म्हणाल्या, पोटाच्या दुखण्यात चोळणं चांगलं नाहीच, नका करू. पण हा पीळ चोळून पडलेला नाही, ही रचना जन्माची आहे. कूस बदलून तो पूर्वी कधी सैल होत असेल, तेही शक्य आहे. "अगली बार उनको लाइए. मुझे उनसे मिलना है."

घरी आलो. तुम्ही दारातच विचारलंत, काय म्हणाल्या? मी म्हणालो, सगळं ठीक.

बस, दोन शब्द. बाकीचं सांगितलं असतं तर ढकलगाडीवर मी काय केलं तेही काढावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी. नंतर एकदा, पोळ्या करता करता, माझ्याकडं पाठ ठेवूनच तुम्ही विचारलंत, "भाऊजी, खरं सांगा. माझ्या चोळण्यानं तं नाही न झालं?" आणि मी, ज्याला उत्तर तोंडपाठ होतं तो मी, म्हणालो, "जाऊ द्या न वहिनी, आता काय त्याचं." तव्यावरची पोळी करपली त्या दिवशी. तुमची कधी करपत नसे.

दीड वर्ष गेलं. या वेळच्या तपासणीचा सोमवार ठरला तेव्हा मी मनाचा हिय्या केला. तुम्हाला म्हणालो, सोमवारी तयार राहा, माझ्यासोबत यायचं आहे, मॅडमना भेटायचं आहे. मला वाटलं होतं, तिथं त्यांच्याच तोंडून ऐकवावं, मग परतताना मी माझं सांगावं. तुमचा चेहरा उतरला. म्हणालात, "मी काय करू तिथं? मले पुन्हा बोलणी खायची नाही जी." मी थट्टेवारी नेलं, म्हटलं चला तर खरं, गंमत आहे. वहिनी, तेव्हाच खाली बसून सांगायला काय झालं होतं मला?

शनिवारी सकाळी दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात आलो. तुम्ही ओट्याला टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय, क्षणात गेल्या, त्रास झाला नसेल. त्यांना काय माहीत? सोमवारी पुन्हा बोलणी बसणार, या धास्तीत तुम्ही दोन दिवस काढले होते.

तर परवाची पंगत. मी बादली खाली ठेवली. आवाज चढला असेल, कारण मागच्या ओळीतलेही वळले. म्हणालो, "तिवारीजी, भाभी नहीं चूकीं. उस दिन उन्होंने पेट मला ही नहीं. मैं हाथ जोड़ रहा था कि मलो, उन्होंने मना किया, और मुझे अस्पताल ले गईं. उनकी बात सुनकर ही डॉक्टर रुकीं. वहाँ सबके सामने झूठ मैंने बोला था." कुणीतरी म्हणालं, अब छोड़ो भैया, खाना परोसो. म्हणून मी बादली उचलली आणि वाढत राहिलो. वरण संपेपर्यंत कुणी वर पाहिलं नाही.

पंगत उठल्यावर दादा हात धुवायच्या नळापाशी आला. विचारलं, "हे तिले सांगितलं होतं तू?" मी म्हणालो, नाही. त्यानं नळ बंद केला आणि आत गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही, आणि त्यानं बोलावं असं मी म्हणूही शकत नाही.

काल श्रुती माझ्या खोलीत आली. तिला मराठी सगळी कळते, बोलते हिंदीत, तुम्ही किती चिडायच्या त्यावर. तिनं तुमची कुंकवाची डबी माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "मम्मी ने मुझे दी थी, पिछले साल. बोली थीं, किसी के पेट पर हाथ मत रखना. बस इतना पूछना कि उल्टी किस रंग की थी, और हरी बोले तो बैठने मत देना, अस्पताल भेजना." मग ती म्हणाली, "काका, उनको पता था आपने झूठ बोला. बोलती थीं, डरा हुआ आदमी था, जाने दो." मी विचारलं, आणि चोळण्याचं? ते त्यांना काय वाटायचं? श्रुती म्हणाली, "वो नहीं पता था उनको. वो पूछती रहती थीं."

म्हणजे मला माफ करून झालं होतं, वहिनी. स्वतःलाच तेवढं करायचं राहिलं होतं तुमचं, आणि त्याची किल्ली दीड वर्ष माझ्या खिशात होती. म्हणून आता लिहून देतो, उशिरा का होईना, सरळ. तुमच्या हातानं माझं काही बिघडलं नाही. मी आहे तो तुमच्यामुळे आहे. त्या दिवशीही आणि त्याआधीची तीस वर्षंही.

डबीत दोरा होता, तसाच पिवळा. श्रुती गेल्यावर मी दार लावून उताणा झोपलो. मॅडमनी टाक्यांची रेघ बेंबीला वळसा घालून नेली आहे, त्यामुळे बेंबी शाबूत आहे. एक टोक तिथं धरलं, दुसरं एका बाजूला नेलं, मग दुसऱ्या बाजूला. तुम्ही मोजायच्या तसं तीनदा मोजलं.

दोन्हीकडे सारखा आहे, वहिनी. जागेवर आहे. तरी दुखून राहिलं.